फाट्यावरचं रुईचं जिन

पोरीच्या लग्नातल्या गाद्यांसाठी पहिल्या वेच्याचा 40 किलो कापूस बाजूला ठेवला होता. सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून वेचलेला, एकही कवडी (किडकं, डागी बोंड) नाही. मागच्या खेपेला दुसरीकडे नेला, तर त्यांनी सरकी (कापसाचं बी) ठेवून घेतली आणि हातात पिवळट रुई दिली. यंदा हिंगणघाट रोडला, आमच्या फाट्यावरच्या छोट्या जिनवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या यंत्रावर, गेलो.

इथं माझ्यासमोर काटा केला, माझ्यासमोरच कापूस टाकला. साडेतेरा किलो रुई आणि पंचवीस किलोच्या वर सरकी निघाली. जिनून-पिंजून रुईला किलोमागे 40 रुपये रोख घेतले. सरकीचं विचारलं तर मालक म्हणाले, "गुरुजी, सरकी तुमचीच जी. ढोरांना न्या."

तीस वर्षं इतिहास शिकवला मी. पुस्तकात जिन बनवणाऱ्या अमेरिकेच्या एली व्हिटनेला एकच ओळ होती, पण माणूस मोठा. शेतकऱ्याचा पोरगा, लहानपणी बापाच्या कारखान्यात खिळे केले, शाळा शिकवून पैसे जमवले आणि 1792 ला, सत्ताविसाव्या वर्षी येल कॉलेजातून पदवीधर झाला. मास्तरकी करायला निघाला तो जॉर्जियात पोचला आणि तिथं 1793 मध्ये जिन बनवलं: लाकडी रोळावर तारेचे आकडे, ते बारीक फटीतून रुई ओढत, सरकी अलीकडेच राही. मग त्यानं आणि त्याच्या भागीदारानं जिनायचा मोबदला म्हणून कापसातलेच पाचात दोन भाग मागितले. शेतमालक बिथरले, यंत्राची नक्कल करून मोकळे झाले. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी. 1807 ला निकाल बाजूनं लागला, तोवर पेटंटची मुदत सरत आली होती. दरम्यान 1798 ला सरकारला 10,000 बंदुका पुरवायचा करार केला, त्यात त्याचं बस्तान बसलं. त्याच्या यंत्रानं कापसाचा पेरा वाढला, त्यासोबत गुलामगिरीही फोफावली, हे शिकवताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा.

फाट्यावरचं यंत्र मात्र व्हिटनेच्या जातीचं नाही. यात चामड्याचे दोन रोळ आणि सुरी आहे. हे वळण फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाच्या 1840 च्या पेटंटचं. दात नाहीत म्हणून धागा कमी तुटतो. रुईचा पेळू बोटांत धरून ओढला तर दोन बोटं लांब, रेशमासारखा निघाला. बायको तिथल्या तिथे म्हणाली, "हेच पाहिजे होतं."

खोट एकच, धूळ फार. कामावरच्या पोरांच्या नाकातोंडाला फडकंसुद्धा नाही, मालकांनी ते आधी द्यावं. मी तोंडावर सांगून आलो. बसायला जागा नाही. कापूस दोन दिवस उन्हात वाळवून न्या, ओला असला तर ते परत पाठवतात. गलेफ घरून शिवून न्या, आणि सरकीसाठी रिकामं पोतंही.