इंजिन खाली उतरवून चेनचं काम केलं, त्याला नऊ महिने झाले

गाडी २०११ ची, जर्मन, दोन लिटर डिझेल ऑटोमॅटिक. मी २०१८ मध्ये सेकंड हॅन्ड घेतली तेव्हा ६२ हजार चालली होती, आता १ लाख ४० च्या वर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात फिरवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला म्हणजे गिअरबॉक्सकडे असणं ही रचना एकापेक्षा जास्त जर्मन गाड्यांत आहे आणि मला सांगायचंय ते त्या सगळ्यांनाच लागू पडतं. चेन बदलायला इंजिन काढताय ना, मग त्याच वेळी मागचं, खालचं, जिथे एरवी हातच जात नाही ते सगळं बघून घ्या. मी जवळजवळ सगळं केलं, एक गोष्ट सोडली, आणि तीच नडली.

फेब्रुवारीत आवाज सुरू झाला. सकाळी थंड इंजिन चालू केलं की डॅशबोर्डच्या पलीकडून साखळी पत्र्यावर घासल्यासारखी खरखर यायची, बॉनेट उघडून पुढे उभं राहिलं तर कमी आणि सीटवर बसलं की जास्त, १५०० ते २००० आरपीएमला तर स्पष्ट. चेन स्टीलची असली तरी ती ज्या गाईडवरून सरकते ते प्लॅस्टिकचे असतात आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल जुनं झालं की चेन आणि गाईड दोन्ही झिजतात, चेन ढिली पडते, आणि एखाद्या दिवशी दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग हेडच गेलं समजा. आवाज येत असताना गाडी चालवू नका, खरंच सांगतो, मी आठ दिवस चालवली आणि आता विचार केला तरी अंगावर काटा येतो.

काम म्हापशाला करासवाड्याजवळच्या एका गॅरेजमध्ये दिलं. इंजिन गिअरबॉक्ससकट खाली उतरवलं. संप, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, उघडल्यावर मेकॅनिकने मला बोलावून घेतलं, ऑइल पंपाच्या जाळीत नखाएवढे तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे अडकले होते, पाच की सहा, त्याने ते चिमटीने काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. एक उचलून बघितला, बोटांत दाबला तर बिस्किटासारखा मोडला. तेव्हा कळलं की आठ दिवसांत काय होऊ शकलं असतं.

मग यादी करायला बसलो. मी चेन, गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एवढंच धरून चाललो होतो, पण मेकॅनिक म्हणाला, “पात्रांव, परत परत उगडपाचें काम हें न्हय.” (मालक, हे परत परत उघडायचं काम नव्हे.) त्याचं अगदी पटलं. प्रत्येक पार्टला एकच प्रश्न लावला, हा उद्या गेला तर परत काय काय काढावं लागेल? क्रँकचं मागचं ऑइल सील, म्हणजे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसतही नाही, ते बदललं. संपचं गॅस्केट, ऑइल फिल्टर हाऊसिंगचं गॅस्केट, दोन्ही इंजिन माउंट, टर्बोला ऑइल नेणारा पाइप, दोन्ही थर्मोस्टॅट, सगळं बदललं. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा) काढून धुतला, इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये काजळीचा एवढा थर होता की भोक अर्ध्यावर आलं होतं, तेही साफ केलं. स्टार्टर मोटर या गाडीत मॅनिफोल्डच्या खाली दडलेली असते, ती नवी न घेता ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ब्रश आणि बेअरिंग बदलून घेतली. तिच्या टर्मिनलवर हिरवा गंज चढला होता, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे होतंच. थंड डिझेल इंजिन चालू होताना आत उष्णता देणाऱ्या चार ग्लो प्लगपैकी तीन सहज निघाले, चौथा निघेना, जोर लावून हेडमध्ये मोडला तर वेगळंच संकट, म्हणून दोन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल सोडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तो हळूच सुटला. अशी घाई न करणारा माणूस मिळायला नशीब लागतं.

गिअरबॉक्स झेडएफचा सहा स्पीडचा. गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ऑइल लाइफटाइम, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला म्हणून सांगते, आणि मी तेच ऐकलं. या बॉक्सला फिल्टर आणि पॅन एकच असतं, ते नवं टाकलं, वायरिंगचा प्लग जिथून आत जातो ती स्लीव्हपण टाकली कारण तिच्या रबर रिंगा कडक होऊन तिथून ऑइल झिरपायला लागतं. पूर्वी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हलका धक्का बसायचा, तो गेला. एक बारीक गोष्ट म्हणजे गिअरबॉक्सचे अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदा सोडले की परत वापरायचे नाहीत, ते आधीच मागवून ठेवा. माझे नव्हते, आणि मुंबईहून पार्सल यायला चार दिवस गाडी तशीच लिफ्टवर.

एकूण खर्च २ लाख ८५ हजार, त्यात मजुरी ७० हजार. वर सांगितलेले ‘आता उघडलंच आहे तर’वाले पार्ट नंतर वेगवेगळे करायला गेलो असतो तर मजुरीच निदान तिप्पट झाली असती. पुढचा पट्टा, अल्टरनेटर, वॉटर पंप मात्र चांगले होते आणि या गाडीत पुढून हाताला येतात, ते बदलले नाहीत, त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता नडलं ते. हेडच्या मागून ईजीआर कूलरकडे जाणारा एक कूलंटचा रबर पाइप होता, साडेआठशे रुपयांचा. दिसायला ठीक होता, दाबून बघितला तर मऊ लागला, स्टॉकमध्ये नव्हता, आणि मला गाडी पाडव्याच्या आधी घरी हवी होती म्हणून मीच म्हटलं राहू दे. जुलैमध्ये आई-बाबांना घेऊन बेळगावला निघालो, चोर्ला घाटात मुसळधार पाऊस आणि कूलंट कमी असल्याचा मेसेज आला. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, पाणी ओतून हळूहळू मागे साखळी गावापर्यंत आणली. बाबा काही बोलले नाहीत, पण आई वाटभर गप्प होती ते मला जास्त लागलं. तो पाइप बदलायला मॅनिफोल्ड परत काढावा लागला, मॅनिफोल्डची गॅस्केट परत नवी, साडेसहा हजार मजुरी. मऊ आहे म्हणजे चांगला असं नसतं, ऑइल लागून रबर फुगतं तेव्हाही मऊच लागतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्यानंतर साडेअकरा हजार किलोमीटर पूर्ण झाले. सकाळचा आवाज अजिबात नाही, माउंटमुळे सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरत नाही, हायवेला १८ चं अ‍ॅव्हरेज मिळतंय, आधी १५ पर्यंत आलं होतं. नवीन चेन टाकल्यावर पहिलं ऑइल हजार किलोमीटरलाच काढलं, आता दर आठ हजाराला बदलतो, ५डब्ल्यू३० घट्टपणाचं आणि डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) चालणारं सी३ ग्रेडचंच, गाडीचा सर्व्हिस इंडिकेटर काहीही दाखवू दे.

काम व्हायच्या आधीपासून मी रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवतो आणि कोपऱ्यात तारीख लिहितो. फेब्रुवारीच्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या जागी काळे डाग आहेत, जुलैच्या एकावर निळसर. बेळगावला निघण्याच्या आदल्या दिवशीचा तो निळा डाग मला पावसाचं पाणी वाटला होता. आता रोज टॉर्च लावून बघतो, आज सकाळचा कोरडा होता.