बाबांच्या काचबिंदूसाठी ओसीटी : वर्षभराचा अनुभव

नेहमीच्या दवाखान्यातलं मशीन बंद होतं म्हणून बाबांचा ओसीटी (काचबिंदूत पातळ होत जाणारा डोळ्याच्या नसेचा थर मोजणारा स्कॅन) यावेळी दुसऱ्या सेंटरला केला. उजव्या डोळ्याच्या नसेच्या थराची सरासरी जाडी ८१ मायक्रॉनवरून थेट ७२! त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही. आमच्या डॉक्टरांनी आकड्याआधी सिग्नल स्ट्रेंग्थ, म्हणजे स्कॅन किती स्पष्ट आलाय ते बघितलं : १० पैकी ५. शिवाय मशीन वेगळ्या कंपनीचं, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळवताच येत नाहीत. स्कॅन बाद. सेंटरवाले म्हणाले, पुन्हा करायचा तर पुन्हा पैसे भरा.

म्हणून सांगतो, खुर्चीवरून उठण्याआधी सिग्नल विचारा. ६ च्या खाली असेल तर तिथल्या तिथे परत काढायला लावा. डोळे कोरडे असले तरी सिग्नल पडतो. बाबांना कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घालून चार वेळा पापण्या मिटायला सांगितलं की ७-८ येतो. मोतीबिंदू असेल तर मात्र थेंबाने भागत नाही.

त्या सेंटरने प्रिंटही ब्लॅक अँड व्हाइट दिली. हिरवा, पिवळा, लाल यांवर वाचायचा रिपोर्ट, आणि सगळं करडं! एवढे पैसे घेऊन रंगीत शाई परवडत नाही? आता मी पीडीएफ मोबाइलवर घेतल्याशिवाय निघत नाही. तसं रंगावरही सगळं सोडू नका. मशीन त्याच वयाच्या निरोगी डोळ्यांशी तुलना करतं. बाबांच्या चष्म्याचा नंबर उणे सात. अशा डोळ्यात थराची ठेवणच वेगळी, त्यामुळे आजार नसलेला भागही लाल दिसू शकतो. तुलना स्वतःच्याच जुन्या स्कॅनशी, त्याच मशीनवर. त्यातही चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होतातच.

फंडस फोटोबद्दल (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो) मात्र माझं मत बदललं. वेगळे पैसे लावतात म्हणून मी तो टाळायचो. पावसाळ्यात डॉक्टरांनी आग्रहाने काढला, तर डिस्कच्या (नस डोळ्यातून बाहेर पडते त्या गोल भागाच्या) कडेला रक्ताची बारीक लाल रेघ. ओसीटीचे आकडे तेव्हा जसेच्या तसे होते. अशी रेघ काही आठवड्यांत विरून जाते, पण आजार पुढे सरकत असल्याची ती खूण असते. लगेच दुसरे ड्रॉप्स सुरू झाले. त्या फोटोचे पैसे वसूल.

डाव्या डोळ्याची जाडी ५५ वर आलीय. साधारण ५० च्या आसपास हा आकडा थांबतो, नुकसान वाढलं तरी फारसा उतरत नाही. त्या डोळ्यासाठी डॉक्टर आता फील्ड टेस्टवरच (दिवा दिसला की बटण दाबून नजरेचा आवाका तपासणारी चाचणी) भर देतात. बाबांना ती टेस्ट अजिबात आवडत नाही, बटण दाबून थकतात. तरी सकाळची पहिली वेळ घेऊन मी ती करून घेतो.