मुतखडा शोधायचाय: सोनोग्राफी, एक्स-रे की सीटी?

कमरेतून जांघेकडे उतरणारी ती कळ सुरू झाली की तपासण्यांची तुलना करायची शुद्ध कुणाला राहत नाही, म्हणून हे आधीच वाचून ठेवा. माझ्या मावसभावाला गेल्या उन्हाळ्यात रात्री कळ आली, तेव्हा घरात एकच आग्रह चालला होता, ‘थेट एमआरआय करा, सगळ्यात भारी तोच.’ मुतखड्याला हे लागू पडत नाही. एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनवर उभं राहतं. कोरड्या, घट्ट खड्याकडून त्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही. खर्च मोठा आणि खडाच नीट दिसत नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू.

सोनोग्राफीत जातो तो आवाज, सेकंदाला लाखो कंपनांचा. मांसल भागातून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने धावतो, खड्यावर आपटून परततो आणि खड्यामागे काळी सावली पडते. त्या सावलीवरून खडा ओळखायला मोठी मदत होते. या आवाजाचा वैरी म्हणजे हवा. हवेचा थर आडवा आला की जवळजवळ सगळा आवाज मागे फिरतो. पोटावर ते गार जेल चोपडतात ते कातडी आणि यंत्र यांच्यामधली हवा घालवायला. आतड्यातल्या गॅसवर मात्र जेलचा इलाज नाही, त्यामुळे मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीच्या, मधल्या भागात अडकलेला खडा पुष्कळदा निसटतो. पाण्यातून आवाज सुखाने जातो, म्हणून ‘लघवी धरून या’ असं सांगतात. भरलेल्या मूत्राशयातून मूत्रवाहिनीचं खालचं टोक दिसतं. खडा दिसला नाही तरी किडनीला सूज असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा असावा, एवढा अंदाज येतो. किरणोत्सर्ग शून्य. गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी सुरुवात इथूनच.

साध्या एक्स-रेचं गणित वेगळं. त्याला हवेची पर्वा नाही, तो अडतो जड अणूंशी. कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, तर मांसातल्या कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचे ६, ७, ८. म्हणून कॅल्शियमचा खडा हाडासारखा पांढरा उमटतो. युरिक ॲसिडचा खडा मात्र याच हलक्या अणूंचा बनलेला, त्यामुळे किरण त्यातून सहज पार होतात आणि फिल्मवर खड्याचा पत्ताच नसतो. पहिल्या निदानासाठी मी एक्स-रेवर भिस्त ठेवणार नाही. आधी दिसलेला कॅल्शियमचा खडा खाली सरकला का, हे बघायला तो स्वस्त आणि पुरेसा आहे.

सीटीमध्येही एक्स-रेच, पण चहूबाजूंनी. त्यामुळे घनतेतला बारीक फरकही मोजता येतो. हाउन्सफिल्ड नावाच्या घनतेच्या मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००. युरिक ॲसिडचा खडा बहुधा ५०० च्या आत, कॅल्शियम ऑक्झलेटचा अनेकदा १००० च्या आसपास किंवा वर. एक्स-रेला न दिसणारा खडाही इथे सापडतो, जागा आणि माप मिलिमीटरमध्ये कळतं. शिवाय हा आकडा पुढच्या उपचारालाही उपयोगी पडतो, कारण फार घट्ट खडा बाहेरून लहरींचे धक्के देऊन नीट फुटत नाही. किंमत आहे ती किरणोत्सर्गाची. नेहमीच्या पद्धतीने पोटाचा सीटी केला तर साधारण १० मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक). निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात, म्हणजे चार वर्षांचा वाटा एका झटक्यात. कमी मात्रेचा सीटी यापेक्षा बऱ्याच कमीत होतो. ‘लो डोस होईल का?’ हे विचाराच. अंगाने फार स्थूल असलेल्यांचं चित्र त्यात धूसर येऊ शकतं.

माझं मत सोनोग्राफीच्या बाजूने. अमेरिकेत २७५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांना गंभीर गुंतागुंत जास्त झाली नाही आणि किरणोत्सर्ग कमी मिळाला. काहींना पुढे सीटी लागला, तो लागावाच. चित्र अस्पष्ट असेल, दुखणं थांबत नसेल किंवा शस्त्रक्रिया ठरत असेल, तर सीटीला घाबरू नका. कळेबरोबर थंडी-ताप असेल, लघवी बंद झाली असेल किंवा किडनी एकच असेल, तर तुलना सोडा आणि लगेच रुग्णालय गाठा.

आणि खडा पडला तर फेकू नका. लघवी गाळून तो वेगळा काढा, कोरड्या डबीत ठेवा आणि तपासायला द्या. तो कॅल्शियमचा निघाला की युरिक ॲसिडचा, यावर पुढच्या वेळी साधा एक्स-रे कामाचा आहे की नाही ते ठरेल.