ओबीडी स्कॅनर आणि क्लच सेन्सरचा लपंडाव: पावसाळ्यापासून आजवरचा वापर

मी ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या पोर्टमध्ये लावून तिच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष फोनवर वाचायचं उपकरण, गेल्या पावसाळ्यात घेतला, तो एकाच कामासाठी. गाडीच्या क्लच पेडल सेन्सरमधला दोष मनात येईल तेव्हा यायचा आणि गॅरेजमध्ये नेलं की गायब व्हायचा. तो पकडायचा होता. दोष कधीच मिटला, पण स्कॅनर अजूनही ग्लव्ह बॉक्समध्ये असतो.

आधी लक्षणं सांगतो, कारण बऱ्याच जणांना ती एकमेकांशी संबंधित वाटत नाहीत. समृद्धी महामार्गावर क्रूझ (वेग आपोआप कायम ठेवणारा कंट्रोल) लावलेला असताना पुलाच्या सांध्यावर धक्का बसला की तो आपोआप सुटायचा. शहरात सिग्नलला न्यूट्रलवर इंजिन आपोआप बंद व्हायला हवं, ते कधी व्हायचं, कधी नाही. आणि अधूनमधून, क्लच तळापर्यंत दाबलेला असतानाही स्टार्टचं बटण दाबलं की 'क्लच दाबा' असा संदेश यायचा. या तिन्ही गोष्टींसाठी इंजिनच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, क्लच पेडल कुठे आहे ते कळावं लागतं. क्लच दाबला आणि क्रूझ सुटला नाही तर इंजिन मोकाट फिरेल, म्हणून जरा शंका आली तरी ईसीयू क्रूझ सोडून देतो. ते योग्यच आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये 'कोड नाही', म्हणजे ईसीयूत दोषाची नोंद नाही, असं उत्तर मिळालं. चेक इंजिनचा दिवा लागायला बरेच दोष लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून चालवून बंद करेपर्यंतची एक फेरी) दिसावे लागतात. तोवर कोड प्रलंबित राहतो, आणि पुढच्या वेळी दोष दिसलाच नाही तर निघूनही जातो. स्कॅनर हाताशी असण्याचा पहिला फायदा इथे झाला. क्रूझ सुटल्यावर पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून वाचलं, तर प्रलंबित यादीत पी०८०९ होता, म्हणजे क्लच पोझिशन सेन्सरचं सर्किट मधूनमधून तुटतंय. याच कुटुंबातले पी०८०७ आणि पी०८०८ म्हणजे सिग्नल गरजेपेक्षा कमी किंवा जास्त. साधा स्विच असलेल्या गाड्यांत बहुधा पी०७०४ दिसतो.

पण कोड फक्त सर्किटचं नाव सांगतो. सर्किटमध्ये सेन्सर, कनेक्टर, वायर आणि ईसीयू सगळंच आलं. सर्व्हिस सेंटरचा सल्ला होता सेन्सर मास्टर सिलिंडरसकट (पेडलचा दाब तेलातून क्लचकडे पोचवणारा भाग) बदलायचा, म्हणजे पुढे क्लच ब्लीड करणं, त्यातली हवा काढणंही आलंच. माझ्या गाडीत हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकाची जागा ओळखणारा सेन्सर आहे: मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर चुंबक, बाहेरून क्लिपने बसवलेला सेन्सर. घासून झिजणारा संपर्क त्यात नाही. त्यामुळे धक्क्याबरोबर येणारा दोष मला आधी वायरिंगचा वाटला.

इथे स्कॅनरची खरी परीक्षा झाली. क्लच सेन्सरचा व्होल्टेज सर्वसाधारण ओबीडी माहितीत मिळत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांचा डेटा वाचणारं ॲप लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. ते पैसे वसूल झाले. दुसरी गोष्ट वेगाची. मित्राकडचा अगदी स्वस्त डोंगल (पोर्टला लावायचा छोटा स्कॅनर) लावून पाहिला तेव्हा आकडे इतके सावकाश यायचे की क्षणभराची तूट दोन नोंदींच्या मधे हरवून जायची. माझ्या स्कॅनरवरही दहा-बारा गोष्टी एकदम लावल्या की तेच होतं. म्हणून मी तीनच ठेवल्या: क्लचचा व्होल्टेज, गाडीचा वेग आणि क्रूझची स्थिती. मग लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, चालू करून गाडी चालवायची आणि आलेख घरी बघायचा. गाडी चालवताना फोनकडे बघू नका.

आलेखात दिसलं ते असं: पेडलला पाय नाही, व्होल्टेज सपाट, आणि मध्येच सरळ शून्यावर घसरून परत जागेवर. त्याच क्षणी क्रूझ बंद. पेडल खरंच दाबलं तर व्होल्टेज उताराने बदलतो, असा कोसळत नाही.

मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. इग्निशन चालू, इंजिन बंद. ते म्हणाले, "मी वायर हलवतो, तुम्ही आकडा बोलत राहा." पेडलच्या वर, जिथे वायरचा जुडगा ताणून वळवलेला होता, तिथे हात लागताच आकडा शून्य. मल्टिमीटरने पाहिलं तर पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग दोन्ही ठीक होते, सिग्नलची पिनच कनेक्टरमध्ये सैल बसत होती. त्यांनी टर्मिनल बदललं आणि वायरला थोडी ढील देऊन क्लिप केली. सेन्सर मूळचाच आहे. त्यानंतर नागपूरपर्यंत जाऊन आलो, क्रूझ स्वतःहून एकदाही सुटला नाही.

स्कॅनरच्या उणिवाही आहेत. गाडी बंद असतानाही तो पोर्टमधून थोडा करंट ओढतो, म्हणून गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवतो. माझ्या गाडीत पोर्ट गुडघ्याजवळ आहे, त्यामुळे चालत्या गाडीत पाय लागणार नाही ना, हे आधी बघून घ्यावं लागतं. एबीएस आणि एअरबॅगचे कोड मोफत ॲपमध्ये दिसत नाहीत. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, त्यांना बीएलई (कमी वीज वापरणारा ब्लूटूथ) किंवा वायफायचा लागतो. ॲपमधल्या कोडिंगच्या, म्हणजे गाडीच्या सेटिंग बदलण्याच्या, पर्यायांना मी हात लावत नाही, आणि लॉग जपून ठेवल्याशिवाय कोड पुसत नाही, कारण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही, म्हणजे दोषाच्या क्षणी साठवलेले आकडेही, जातात.