‘२०२० चे मॉडेल’ म्हणून घेतलेली गाडी

मुलाला हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागली आणि रुजू होण्याच्या आत गाडी हवी, या घाईत नोव्हेंबर २०२५ मध्ये मी नागपुरातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून १५० सीसीची मोटारसायकल ७४,००० रुपयांना घेतली. कागदपत्रे खरी होती आणि गाडीही चोरीची नव्हती, खोटा होता तो हिशोब.

विक्रेत्याने तो मोठ्या आपुलकीने मांडला होता. नव्या गाडीची ऑन-रोड किंमत १,३५,००० रुपये, गाडी २०२० ची, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाची), एकाच मालकाने वापरलेली, फक्त २१,४०० किलोमीटर चाललेली, म्हणून ७८,००० रुपये. आणि ‘काकांसाठी’ चार हजार कमी. नोंदणीचे वर्ष मी पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, “साल काहून पाहता काका, कंडिशन पाहा ना!” मीही मान डोलावली.

पहिली लबाडी १,३५,००० या आकड्यातच होती. ऑन-रोड किमतीत रस्ता कर, नोंदणी आणि विमा धरलेला असतो, आणि जुन्या गाडीचा हिशोब एक्स-शोरूम, म्हणजे हे खर्च वगळलेल्या किमतीवरून करायला हवा. शिवाय हा आकडा २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीचा होता. त्या दिवसापासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि याच गाडीची एक्स-शोरूम किंमत १,१२,००० वरून सुमारे १,०३,००० रुपयांवर उतरली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरतो, एवढे साधे गणित मी केले नाही. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना एक्स-शोरूम किमतीतून चार ते पाच वर्षे वयासाठी ५० टक्के घसारा धरतात आणि पाच वर्षांपुढे ते परस्परसंमतीने ठरवतात. तो भाव म्हणजे बाजारभाव नव्हे, पण त्या हिशोबानेसुद्धा पाच वर्षांची गाडी ५१,५०० रुपयांपुढे जात नाही, आणि ही तर सहा वर्षांची निघाली.

ते कळले आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, हातात आल्यावर. नोंदणी मार्च २०२० ची, पण निर्मिती ऑक्टोबर २०१९ ची आणि इंजिन बीएस-४. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू होणार असल्याने उरलेल्या बीएस-४ गाड्या त्याआधीच्या आठवड्यांत नोंदवून टाकण्याची धांदल होती. माझी गाडी त्यांतलीच. मालकाचा क्रमांकही तिसरा. हे सगळे सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून टोकन देण्याआधीच दोन मिनिटांत दिसले असते, आणि याची चीड विक्रेत्यापेक्षा मला स्वतःचीच अधिक येते.

किलोमीटरचे बिंग मानेवाड्याच्या आमच्या मेकॅनिकने फोडले. त्याने मीटरकडे पाहिलेसुद्धा नाही. गिअरच्या दांडीवरचे रबर गुळगुळीत झालेले आणि चेन-स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले त्याने दाखवले, मग पुढच्या टायरवर बोट ठेवले. तिथे ३८२३ असे चार अंक होते, म्हणजे २०२३ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला टायर. एकूण २१,४०० किलोमीटर चाललेल्या गाडीचा पुढचा टायर एवढ्या लवकर कशाला बदलावा लागेल? अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली, तर जून २०२३ मधील नोंद ३८,९१० किलोमीटरची निघाली.

त्यानंतर मी तशाच वर्षाच्या, तशाच गाडीचा भाव सक्करदरा आणि सदर भागांतील दोन विक्रेत्यांकडे, घेणारा असल्याचे सांगून विचारला, तेव्हा ४६,००० आणि ४४,००० रुपये असे आकडे मिळाले. माझ्या गाडीवर चेन-स्प्रॉकेटचे आणि मार्चमध्येच संपलेल्या विम्याचे पैसे वेगळे गेले.

परत गेलो तेव्हा विक्रेत्याने पावती पुढे केली. त्यावर ‘गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली’ असे छापलेले होते आणि खाली माझी सही होती. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानेच पाठवलेला ‘२०२० मॉडेल, बीएस-६, सिंगल ओनर’ हा संदेश मी पुसलेला नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना आरसीसोबत त्याचीही प्रत मी जोडली आहे.