लिथॉप्स म्हणून घोळीचं बी: 2,750 रुपयांना गंडा

सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं, मागवणाऱ्यांनी हे वाचाच, कारण मला फसवणारा विक्रेता अजूनही विकतोय.

लिथॉप्सच्या (दगडासारखं दिसणारं सक्युलंट) 100 मिश्र बिया 1,150 रुपये, निळं एचेव्हेरिया (गुलाबासारखी पानांची रचना असलेलं सक्युलंट) 780, 'बारमाही फुलणारं' मॅमिलॅरिया (छोटं निवडुंग) 640, कुरिअर 180. एकूण 2,750, सगळे आगाऊ, यूपीआयने. 'जिवंत माल आहे' म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी नाही. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

बिया काळ्या, चकचकीत. पेरल्या आणि भराभर उगवल्या. पानं जाडसर, रसरशीत, मी खूश. पण देठ लाल होते, मातीवर आडवे पसरत होते. तिथेच कळायला हवं होतं! लिथॉप्सला असा देठ नसतोच. त्याचं रोप म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा गोळा आणि वर एक चीर. रोज पाणी घालताना ते लाल देठ मी बघत होते, याचाच आता सगळ्यात जास्त संताप येतो. तरी मी विचारलं होतं. उत्तर आलं, 'मॅडम, बेबी स्टेजला असंच दिसतं, तीन महिने थांबा.' दक्षिण आफ्रिका-नामिबियातली वनस्पती मी उगवताना कधी पाहणार? विकणाऱ्यावर नाही तर विश्वास ठेवायचा कोणावर?

मग पिवळी फुलं आली. भाजीवाल्या मावशी गॅलरीकडे बघून म्हणाल्या, "ताई, घोळ कशाला लावलीत ट्रेमध्ये?" घोळ! मंडईत वीस रुपयांना जुडी मिळते ती. एका जुडीसाठी मी 1,150 मोजले.

'तीन महिने थांबा' ही खरी मेख. तोवर तक्रार शिळी होते आणि त्याचा नंबर बंद. असं कुणी म्हणालं की थांबू नका, त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

बाकीचा मालही तसलाच. एचेव्हेरियाच्या मधोमध नवी पानं हिरवी आली, म्हणजे निळा रंग फवारलेला. बोट ओलं करून पान चोळून बघा, आणि रंग सुटला नाही तरी नव्या पानांवर नजर ठेवा. मॅमिलॅरियाचं फूल पाणी उडालं की मिटायचं, सुकलं की उघडायचं. गरम गोंदाने चिकटवलेलं वाळकं फूल होतं ते! काढलं तर खाली काटे मोडलेले आणि गोंदाचा पिवळा थेंब. मॅमिलॅरियाची खरी फुलं शेंड्याभोवती कडं करून येतात, एकच मोठं फूल डोक्यावर बसलेलं दिसलं तर घेऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले, "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?" दुसरीकडे विक्रेत्याचा पत्ता मागितला. अहो, पत्ता असता तर मी तिथेच गेले नसते का? बियाण्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयात साहेब हसले. 'शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत.' माझ्या हातात पाकीट होतं, त्यावर लॉट नंबर नाही, उगवणक्षमता नाही, तपासणीची तारीख नाही. साध्या भेंडीच्या पाकिटावरही हे सगळं छापलेलं असतं. पाकीट त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. 2,750 रुपये म्हणजे यांच्या लेखी चिल्लर, आणि असल्या चिल्लरीवरच तो जगतोय.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. बियांचा जवळून फोटो आधी मागा. लिथॉप्सचं बी धुळीसारखं बारीक असतं. यूपीआय पावतीवरचं नाव आणि दुकानाचं नाव जुळतं का बघा, माझ्या पावतीवर तिसऱ्याच कुणाचं होतं.

काल त्याच्या जाहिरातीतला तोच फोटो, तेच लाल कापड अंथरलेलं टेबल, नव्या नावाने दिसलं. बिया आता 999 रुपयांना आहेत.