घरच्या आवारासाठी बॅटरीवरचा चेनसॉ : चार प्रकारांची तुलना

बॅटरीवर चालणारा चेनसॉ निवडताना खोक्यावर ठळक छापलेला व्होल्टचा आकडा आणि बारची (साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची) लांबी या दोनच गोष्टी आधी नजरेत भरतात आणि निवड बहुधा तिथेच चुकते. आवारातील झाडांची छाटणी, वादळात पडलेली फांदी, वर्षातून एखाद-दोनदा ओंडक्यांचे तुकडे करणे, एवढेच काम असणाऱ्या माणसाने पाहायला हवे ते निराळेच: जाड लाकडात यंत्र अडखळून बंद पडते का, साखळीला तेल नीट पोहोचते का आणि काही वर्षांनी त्याच जोडणीची बॅटरी मिळेल का.

आधी व्होल्टचा गोंधळ दूर करू. बॅटरी ज्या लहान लिथियम-आयन सेलांची बनते, त्यातील प्रत्येकाचा सरासरी विद्युतदाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४ व्होल्टच्या थोडा वर जातो. असे पाच सेल एका रांगेत जोडले की १८ व्होल्ट होतात. काही कंपन्या हीच बॅटरी ‘२० व्होल्ट मॅक्स’ या नावाने विकतात. दहा सेलच्या बॅटरीला कोणी ३६ म्हणतो, कोणी ४०. ईगो या कंपनीची ५६ व्होल्टची बॅटरी चौदा सेलची असून तिचा सरासरी दाब ५०.४ व्होल्ट भरतो. त्यामुळे १८ आणि २० किंवा ३६ आणि ४० यांच्यात जास्त आकडा म्हणजे जास्त ताकद असे मानण्याचे कारण नाही.

बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मोजतात आणि ती व्होल्टला ॲम्पिअर-तासांनी गुणून मिळते. १८ व्होल्ट, ५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणि ३६ व्होल्ट, २.५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी या दोन्हींत शिदोरी सारखीच, ९० वॉट-तासांची. मग जास्त व्होल्टचा उपयोग काय? जाड ओंडका कापताना मोटर १ किलोवॉट ओढत असेल, तर १८ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५५ ॲम्पिअर प्रवाह वाहतो, ३६ व्होल्टच्या बॅटरीतून साधारण २८ आणि ५०.४ व्होल्टच्या बॅटरीतून २०. प्रवाह जितका जास्त तितक्या तारा, जोडण्या आणि सेल अधिक तापतात आणि ठरावीक तापमान ओलांडले की आतला इलेक्ट्रॉनिक नियंत्रक चेनसॉ बंद करतो. काम ऐन रंगात असताना यंत्र थांबते, ते बहुधा यामुळे.

सर्वांत लहान प्रकार म्हणजे १० ते २० सेंटिमीटर बारची छाटणी-करवत. स्टिल या कंपनीची जीटीए २६ ही १०.८ व्होल्ट आणि १० सेंटिमीटर बारची करवत याचे ठळक उदाहरण. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी ती हलकी आणि सोयीची आहे, परंतु तिला चेनसॉचा पर्याय समजू नये. अशा बहुतेक करवतींत चेन ब्रेक, म्हणजे यंत्र उसळले की साखळी तत्काळ थांबवणारी यंत्रणा, नसतो आणि अनेकांत तेलही हातानेच घालावे लागते. शिवाय ती एका हाताने पेलते, म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो आणि इजा होते ती नेमकी त्याच हाताला.

१८ व्होल्टच्या चेनसॉला साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा बार असतो. त्याच कंपनीचे ड्रिल आणि बॅटऱ्या घरात असतील, तर हा पर्याय किफायतशीर ठरतो. मात्र वर दिलेल्या हिशेबाने ९० वॉट-तासांची बॅटरी १ किलोवॉटच्या भारावर सलग साडेपाच मिनिटेही टिकत नाही. प्रत्यक्षात साखळी लाकडात असते तेवढाच वेळ हा भार पडतो, त्यामुळे छाटणीचे काम बरेच होते. पण मांडीएवढे ओंडके एकामागून एक कापायचे असतील, तर मर्यादा लवकर समोर येते. मकिताने दोन १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ३६ व्होल्टवर चालणारे चेनसॉ काढले आहेत. ज्यांच्याकडे त्या बॅटऱ्या आधीच आहेत, त्यांना हा मधला मार्ग खरोखर उपयोगी आहे.

माझ्या मते बहुतेक घरांसाठी योग्य गट ३६ ते ४० व्होल्टचा, ३० ते ३५ सेंटिमीटर बारचा. स्टिल आणि हुस्कवर्ना यांचे ३६ व्होल्टचे किंवा मकिताचे ४० व्होल्टचे चेनसॉ यात मोडतात. बॅटरीसह वजन साधारण ४ किलोच्या आसपास राहते, त्यामुळे हात लवकर भरून येत नाहीत. या गटातील अनेक यंत्रांवर १.१ मिलिमीटर जाडीची अरुंद साखळी असते. ती लाकडात बारीक फट पाडते, म्हणजे तेवढेच खोड कापताना कमी लाकूड खरवडले जाते आणि बॅटरी वाचते. मात्र येथे बॅटरीची निवड यंत्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. ३६ व्होल्टच्या २.५ ॲम्पिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीत दहा सेलची एकच रांग असते. ५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत बहुधा अशा दोन रांगा समांतर जोडलेल्या असतात, म्हणून प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो, दाब कमी घसरतो आणि बॅटरी थंड राहते. संचासोबत लहान बॅटरी स्वस्तात मिळत असली, तरी चेनसॉसाठी मोठी बॅटरीच घ्यावी.

५६ ते ८० व्होल्टचे, ४० ते ४५ सेंटिमीटर बारचे चेनसॉ जळणासाठी नियमितपणे लाकूड फोडणाऱ्यांचे यंत्र आहे. ईगो, ग्रीनवर्क्स किंवा डिवॉल्टची ६० व्होल्टची मालिका यांत जोर पुरेसा आहे, पण बॅटरीसह वजन सहज ५ किलोच्या पुढे जाते आणि वर्षातून दोनदा यंत्र हाती घेणाऱ्याला ते वजन धोक्याचे ठरते. बार नेहमीच्या ओंडक्यापेक्षा ५ सेंटिमीटर लांब असला की पुरे. विजेपासून दूर दिवसभर काम असेल, तर पेट्रोलचा चेनसॉ अजूनही सरस आहे. वरच्या बाजूला मूठ असलेले चेनसॉ झाडावर चढून काम करणाऱ्या प्रशिक्षितांसाठी असतात. घरी ते घेऊ नयेत.

विश्वासार्हतेचा विचार केला तर मोटर क्वचितच दगा देते, विशेषतः ती ब्रशलेस, म्हणजे झिजणारे कार्बन ब्रश नसलेली, असेल तर. त्रास होतो तो तेल, ताण आणि धार यांचा. साखळी कोरडी पडली की बार झिजतो, साखळी तापून सैल पडते आणि बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून तेलाची पातळी बाहेरून दिसेल अशी खिडकी असलेले यंत्र पसंत करावे. ठेवून दिल्यावर थोडे तेल पाझरणे बऱ्याच यंत्रांत सर्रास आढळते, तेव्हा टाकी रिकामी करून ठेवणे बरे. साखळी ताणण्याची हाताने फिरवायची चकती सोयीची असते, पण तिच्यात भुसा अडकतो. साधा नट आणि पाना अधिक टिकाऊ वाटतो. लाकडाचे कपचे न पडता पिठासारखा भुसा पडू लागला, की धार गेली असे समजावे. बोथट साखळीने काम रेटले, तर मोठी बॅटरी घेतल्याचा फायदा तिथेच संपतो.

आवाज कमी असल्यामुळे हे यंत्र निरुपद्रवी वाटते, तसे ते नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून अंगावर येते, आणि हे पेट्रोलच्या यंत्राइतकेच खरे आहे. त्यामुळे चेन ब्रेक नसलेला चेनसॉ कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो; म्हणून पायांवरचे संरक्षक आवरण, ज्याचे धागे साखळीत गुंतून ती थांबवतात, येथे प्रत्येक वेळी तितकेच परिणामकारक ठरेल असे धरून चालू नये. ते वापरावे जरूर, पण उभे राहण्याची जागा आणि दोन्ही हातांची पकड यांत कसूर करू नये. साखळीला हात लावण्याआधी बॅटरी काढलीच पाहिजे.

बॅटरी गोठणबिंदूखालच्या थंडीत चार्ज करू नये आणि बराच काळ वापरायची नसेल, तर अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

पैसे देण्यापूर्वी बारवर किंवा माहितीपुस्तिकेत साखळीचे तीन आकडे शोधावेत: कड्यांमधील अंतर, जाडी आणि बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची संख्या. त्या मापाची साखळी इतर उत्पादकांकडेही मिळत असेल, तर सुट्या भागांसाठी एकाच कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही. मिळत नसेल, तर यंत्रासोबतच दोन जादा साखळ्या घेऊन ठेवाव्यात.